‘वेस्टर’ म्हणजे मावळणे नव्हे

एका शब्दाभोवती लाल गोल. माझ्या शोधनिबंधाच्या दुसऱ्या मसुद्यावर गाइडनी केलेल्या सगळ्या खुणांपैकी हीच जरा खटकली, कारण बाकीच्या चुका खरोखर चुका होत्या. वाक्य साधं होतं: पठाराच्या पश्चिमेकडच्या कातळावर ‘वेस्टरिंग सन’चं ऊन पडतं तेव्हा तिथलं तापमान पूर्वेकडच्या कातळापेक्षा वर जातं. गोलाशेजारी सरांनी लिहिलं होतं, ‘सेटिंग?’ म्हणजे मावळता सूर्य म्हणायचंय का, मग तसं लिही की!

नाही, मावळता सूर्य म्हणायचं नव्हतं. माझी थर्मामीटरं लोणावळ्याच्या वरच्या अंगाला एका पठाराच्या दोन्ही बाजूंना लावलेली आहेत, काही उगवतीकडे तोंड करून, काही मावळतीकडे. पश्चिमेकडचा कातळ सगळ्यात जास्त तापतो तो सूर्य बुडताना नाही. तेव्हा तर तो निवायला लागलेला असतो. तो तापतो दुपारी, सूर्य माथ्यावरून पलीकडे गेल्यावर, जेव्हा हवाही दिवसभर तापून गरम झालेली असते आणि ऊनही नेमकं त्याच बाजूवर पडत असतं. ‘सेटिंग’ लिहिलं असतं तर माझा आख्खा निष्कर्ष तीन-चार तासांनी पुढे सरकला असता. वाचणाऱ्याला वाटलं असतं, हिला साधं ऊन कळत नाही.

म्हणजे माझा शब्द बरोबर होता आणि तरी तो कुणाला कळत नव्हता. शोधनिबंधात अशा शब्दाला जागा नसते, त्यामुळे तो मी मुकाट्याने काढला. पण मग रात्री बसून शोधत राहिले, हा शब्द आपल्या डोक्यात आला कुठून, आणि इंग्रजीत तो वापरतं तरी कोण. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते. यात शेवटी मावळ या नावाबद्दलची माझी एक लाडकी समजूतही गेली. तिचं दुःख अजून ओलं आहे.

आधी शब्द. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम हे सगळ्यांना ठाऊक. त्याचंच क्रियापद ‘वेस्टर’. अर्थ: पश्चिमेकडे सरकणे, पश्चिमेकडे झुकणे. सूर्य, चंद्र, तारे यांच्याबद्दल मुख्यतः वापरतात, वारा दिशा बदलून पश्चिमेकडून वाहू लागला तरी वापरतात. रोजच्या बोलण्यात तो आज जवळपास नाहीच. जिवंत आहे तो ‘वेस्टरिंग’ या रूपात, तेही कवितेत किंवा जुन्या धाटणीच्या गद्यात.

गंमत म्हणजे हा शब्द खूप जुना आहे. चौदाव्या शतकात, 1380च्या दशकात, जेफ्री चॉसरने ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ हे दीर्घकाव्य लिहिलं. त्याच्या दुसऱ्या भागात नायिका बागेत गाणं ऐकत असते आणि संध्याकाळ होते. तिथे चॉसर सूर्याला आधी तीन भरजरी पदव्या बहाल करतो, मग जणू डोळा मिचकावून सांगतो की एवढं सगळं म्हणून मला सूर्यच म्हणायचंय, आणि मग तो सूर्य भराभर ‘वेस्टर’ होऊ लागतो. मला या माणसाचं विशेष कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. याच चॉसरने पुढे 1391च्या सुमारास अ‍ॅस्ट्रोलेब या आकाश मोजायच्या यंत्रावर एक पुस्तिका लिहिली, एका लहान मुलाला समजेल अशा भाषेत. म्हणजे सूर्य कुठे असतो आणि कसा सरकतो हे त्याने नुसतं कवितेपुरतं पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतर मिल्टन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या शब्दाची सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे.

1637च्या ऑगस्टमध्ये केंब्रिजमधला मिल्टनचा ओळखीचा एक तरुण, एडवर्ड किंग, आयरिश समुद्रात जहाज बुडून वारला. त्याच्या स्मरणार्थ 1638मध्ये एक कवितासंग्रह निघाला. त्यात मिल्टनची ‘लिसिडस’ होती. कवितेत दोघांना मेंढपाळ कल्पून कवी आठवण सांगतो, की आम्ही पहाटेपासून एकत्र मेंढ्या चारायचो, दुपार व्हायची, संध्याकाळ व्हायची आणि मग रात्रीचा तारा आकाशाच्या उतारावर आपलं चाक झुकवायचा. 1638च्या छापील प्रतीत हे चाक ‘झळाळतं’ आहे आणि तारा आहे तो सांजतारा. 1645मध्ये मिल्टनने स्वतःच्या कविता पुस्तकरूपाने छापल्या तेव्हा ही ओळ बदलली. सांजताऱ्याऐवजी ‘संध्याकाळी उगवलेला तारा’ आला आणि झळाळत्या चाकाचं ‘वेस्टरिंग’ चाक झालं.

एवढ्या बदलाने काय होतं? आकाशाकडे पाहणाऱ्याला बरंच काही. सांजतारा म्हणजे शुक्र. तो सूर्यापासून आकाशात फार लांब जाऊच शकत नाही, जास्तीत जास्त 47 अंशांच्या आसपास. म्हणून संध्याकाळी तो दिसतो तेव्हा आधीच पश्चिमेला असतो आणि सूर्याच्या मागोमाग फार तर तीनेक तासांत क्षितिजाखाली जातो. पण जो तारा संध्याकाळी *उगवतो*, तो पूर्वेला असतो. त्याला माथ्यावर यायलाच मध्यरात्र होते, आणि ‘वेस्टर’ व्हायला तो त्याच्यानंतरच लागणार. म्हणजे पहिल्या प्रतीतले दोन मित्र रात्री नऊच्या सुमारास घरी जात असतील, तर दुसऱ्या प्रतीतले दोघे मध्यरात्र उलटली तरी माळावरच आहेत. मेलेल्या मित्रासोबतची रात्र कवीने चार-पाच तासांनी लांबवली! काही टीकाकार म्हणतात, ‘उगवला’ म्हणजे नुसता ‘दिसू लागला’, तारा शुक्रच. असेल. पण मला माझं वाचन सोडवत नाही, कारण ‘झळाळतं’ काढून ‘वेस्टरिंग’ घालणाऱ्या माणसाला चमक नको होती, वेळ हवी होती.

आता मुद्दा लक्षात आला असेल. ‘वेस्टर’ हा बुडण्याचा क्षण दाखवत नाही, तो दाखवतो कल. शिखर ओलांडल्यापासून क्षितिजाला टेकेपर्यंतचा सगळा उतार त्यात येतो.

आपल्याकडे हा उतार नेमका कधी सुरू होतो? बारा वाजता, असं आपण शाळेत शिकतो, पण लोणावळ्यात ते खरं नाही. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेला लावलेली आहेत आणि लोणावळा आहे साधारण 73.4 अंशांवर. फरक नऊ अंशांच्या थोडा वर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर येतो तो सरासरी 12 वाजून 36 मिनिटांनी. सरासरी म्हणायचं कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि आसही कललेला आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ 12.20च्या आसपास येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर 12.50च्या. फेब्रुवारीत लोणावळ्याला कुणी दुपारी पावणेएकला ‘दुपार टळली’ म्हणालं तर तो माणूस पाच मिनिटं घाई करतोय. माझ्या नोंदींमध्ये मी बाराला रेघ मारली होती तेव्हा पूर्व-पश्चिमेचा हिशेब जुळेना. रेघ खऱ्या मध्यान्हावर सरकवली आणि आकडे शहाण्यासारखे वागायला लागले.

तर ‘वेस्टर’ला मराठीत काय म्हणायचं?

डिक्शनरी उघडली तर ‘पश्चिमेकडे जाणे’ असं काहीतरी कोरडं मिळेल. ‘मावळणे’ म्हणावं तर ते शेवटच्या टप्प्याचं. पठारावर माझी थर्मामीटरं जिच्या गोठ्याशेजारून नेते त्या मावशींनी हा प्रश्न सोडवला, तोही मी न विचारता. एप्रिलमध्ये एकदा मी जेवण उरकून लगेच वर निघाले होते. त्या म्हणाल्या, ‘‘आत्ता कुठं जातीस पोरी, ऊन डोक्यावर हाय. दिस कलू दे जरा.’’

दिवस कलणे! उन्हं कलली. हाच तो शब्द. आपल्याकडे सूर्याच्या दिवसभराच्या प्रवासाला पायरीपायरीने क्रियापदं आहेत: उगवतो, वर येतो, चढतो, डोक्यावर येतो, कलतो, उतरतो, टेकतो, बुडतो, मावळतो. यातलं प्रत्येक वेगळी वेळ सांगतं आणि गावात माणसं त्यावर कामं ठरवतात. दिवस कलला की पुन्हा शेतात जायचं, टेकला की गुरं परत फिरवायची, बुडाला की दिवेलागण. इंग्रजीत ‘राइज’ आणि ‘सेट’ या दोन टोकांच्या मध्ये रोजच्या वापराचं एकच क्रियापद सापडणं मुश्कील, म्हणून कवींना ‘वेस्टर’ जपून ठेवावं लागलं. आपल्याकडे तेच काम ‘कलणे’ करतं आणि त्याला कुणी काव्यमय म्हणत नाही.

‘कलणे’ला एक गोष्ट मात्र जमत नाही. त्यात दिशा नाही. भिंतही कलते, वयही कलतं, मतही एखाद्या बाजूला कलतं. ‘वेस्टर’मध्ये पश्चिम शब्दातच बसलेली आहे. म्हणून सूर्याचा विषय सोडूनही इंग्रजी लेखकांना तो उपयोगी पडला, विशेषतः अमेरिकेत, जिथे एका आख्ख्या शतकाची हालचाल पश्चिमेकडे होती. जॉन स्टाइनबेकची ‘द लीडर ऑफ द पीपल’ नावाची कथा आहे, 1938च्या ‘द लाँग व्हॅली’ या संग्रहात. त्यात एक म्हातारे आजोबा आहेत, ज्यांनी तरुणपणी बैलगाड्यांचा तांडा मैदानं ओलांडून पॅसिफिकपर्यंत नेला होता. तेवढी एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात. जावई कंटाळतो, एकदा त्यांना ऐकू जाईल असं बोलून बसतो. मग आजोबा नातवाला सांगतात की महत्त्वाचे रेड इंडियन नव्हते, साहसं नव्हती, मी पुढारी होतो हेही नव्हतं. महत्त्वाचं होतं ते ‘वेस्टरिंग’, सगळ्यांचं मिळून पश्चिमेकडे सरकत राहणं. आणि मग समुद्र आला आणि ते संपलं. इथे शब्द सूर्याकडून माणसांकडे आलाय, पण सूर्य त्यातून पुरता गेलेला नाही. आजोबा स्वतःच कललेले आहेत.

आयरिश कवी शेमस हीनीने 1972च्या ‘विंटरिंग आउट’ या संग्रहातल्या शेवटच्या कवितेला हेच नाव दिलं, ‘वेस्टरिंग’. कवी कॅलिफोर्नियात बसलाय, समोर चंद्राचा नकाशा आहे आणि आठवतोय आयर्लंडमधला गुड फ्रायडेचा प्रवास. संग्रहाचं नावही ऋतूचं केलेलं क्रियापद आणि शेवटच्या कवितेचं नाव दिशेचं केलेलं क्रियापद. यावर अधिक बोलायला मी साहित्याची विद्यार्थिनी नाही, पुढे जाऊ.

इंग्रजीने दिशेतून क्रियापद काढलं. मराठीने नेमकं उलट केलं, क्रियापदातून दिशा काढली. उगवत म्हणजे पूर्व, मावळत म्हणजे पश्चिम. गावाकडे अजून कुणी ‘पश्चिमेला’ म्हणत नाही, ‘मावळतीच्या अंगाला’ म्हणतात. ‘पश्चिम’ हा संस्कृत शब्द मुळात सूर्याचा नाहीच, त्याचा अर्थ ‘मागचा’. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की पुढे पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, पाठीमागे पश्चिम. लॅटिनमधला पश्चिमेचा शब्द मात्र आपल्या मावळतीसारखाच, बुडणाऱ्या सूर्यावरून आलेला. त्यातूनच इंग्रजीतला ‘ऑक्सिडेंट’ आला. आणि अरबीत सूर्य बुडण्याची वेळ आणि जागा या दोन्हींना मगरिब म्हणतात. संध्याकाळची नमाज मगरिबची, आणि मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया हा अरबांच्या दृष्टीने पश्चिमेचा प्रदेशही मगरिबच.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, झालं, आपला लेख तयार. अरबांचं मगरिब तसं आपलं मावळ! सूर्य मावळतो तो प्रदेश म्हणून मावळ. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तुम्हालाही असेल. ब्रिटिशकालीन गॅझेटियरपासून सहलीच्या माहितीपत्रकांपर्यंत हीच व्युत्पत्ती सांगितलेली आढळते. मी ती कॉलेजात, ट्रेकमध्ये, बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आले आहे. पुण्यातून संध्याकाळी लोकलमध्ये बसलं की तळेगावच्या पुढे सूर्य समोरच्या डोंगरांमागे जाताना दिसतो, आणि तेव्हा हे इतकं खरं वाटतं की पुरावा मागायचं सुचतच नाही.

पहिली शंका मावशींनीच काढली, म्हणजे नकळत. मी त्यांना हे कौतुकाने सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘तुमच्या पुण्याकडनं बघितलं तर मावळात मावळत आसंल. हितनं तर त्यो कोकणात जातो.’’ खरंच आहे. लोणावळ्याच्या कड्यावर उभं राहिलं की सूर्य खाली कोकणात बुडतो, आणि कर्जतच्या माणसाला विचाराल तर त्याच्यासाठी सूर्य मावळातून *उगवतो*. दिशेवरून दिलेलं नाव हे नेहमी दुसऱ्या कुणीतरी लांबून दिलेलं असतं. मगरिबही पूर्वेकडून आलेल्यांनी म्हटलं. तेव्हा एवढ्यावरून व्युत्पत्ती खोटी ठरत नाही. देशावरच्या लोकांनी पश्चिमेकडच्या डोंगराळ खोऱ्यांना मावळ म्हटलं असेल, का नाही?

दुसरी शंका मात्र दगडात कोरलेली आहे. लोणावळ्यापासून जवळच कार्ल्याची लेणी. तिथल्या मोठ्या चैत्यगृहाच्या भिंतींवर ब्राह्मीत प्राकृत लेख आहेत. त्यातल्या साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका सातवाहन आज्ञेत इथल्या भिक्षूंना एक गाव दिल्याची नोंद आहे. लेण्याचं नाव तिथे वलूरक, गावाचं नाव करजक. (मावळात आजही कामशेतजवळ करंजगाव आहे, वाचताना आठवल्याशिवाय राहत नाही.) आणि हे गाव ज्या विभागात येतं त्याचं नाव दिलंय मामालाहार. ‘आहार’ म्हणजे तेव्हाचा जिल्हा. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी या भागाचं नाव होतं मामाल.

मामाल ते मावळ हे अंतर किती? मराठी कशी बनली हे पाहिलं तर अंतर जवळपास नाहीच. संस्कृत-प्राकृतातला दोन स्वरांमधला म मराठीत येताना व होतो: ग्रामचं गाव, नामचं नाव. त्याच जागेवरचा एकटा ल होतो ळ: फलचं फळ, कालचा काळ. दोन्ही एकाच शब्दात घडलेली उदाहरणंही घरातलीच आहेत: कोमलचा कोवळा, श्यामलचा सावळा, आमलकाचा आवळा. मधला लांब ‘आ’ आखूड होणंही नवं नाही, कुमारचा कुवर झालाच आहे. आता मामाल या शब्दावर हे तिन्ही नियम चालवून बघा. म चा व, मधला आ आखूड, ल चा ळ. मावळ. एकही अक्षर ओढूनताणून बसवावं लागत नाही.

मला प्रयोगशाळेत असा निकाल मिळाला तर मी त्या दिवशी लवकर घरी जाते. इथे मात्र जरा वाईट वाटलं.

कुणी म्हणेल, मामालचा अर्थही ‘सूर्यास्ताचा प्रदेश’ असू शकेल की. पण मग ती व्युत्पत्ती मराठीतल्या ‘मावळणे’वरून आली असं म्हणता येणार नाही, कारण नाव आपल्याला ज्या रूपात आधी भेटतं त्यात व नाही, ळ नाही. ‘मावळणे’ हे क्रियापद ठामपणे आपल्या हाती लागतं ते तेराव्या शतकात. 1290च्या ज्ञानेश्वरीत सोळाव्या अध्यायाच्या अगदी सुरुवातीला ज्ञानदेवांनी त्याचं प्रयोजक रूप वापरलंय, ‘मावळवणे’. तिथली कल्पना अशी की सद्गुरुरूपी सूर्य असा काही उगवतो की त्याच्या उगवण्याने समोरचा जगाचा भासच मावळून जातो. एकाच वाक्यात उगवणं आणि मावळवणं, आणि मावळवणारा सूर्य स्वतः. मिल्टनचं चाक मला आवडतंच, पण या ठिकाणी मी काही काळ पुस्तक मिटून बसले होते. असो. मुद्दा हा की कार्ल्याचा लेख आणि ज्ञानेश्वरी यांच्यात हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. मामाल आधी.

शब्द सारखे ऐकू आले म्हणजे एका घरचे असतात असं नाही. मराठवाड्यात आत्याला मावळण म्हणतात, तिचा ना मावळ तालुक्याशी संबंध ना सूर्यास्ताशी. ती मातुल-मातुलानी या नातेवाचक शब्दांच्या घरातली. मावळातला तो मावळा, आणि जुन्या मराठीत मामालाही मावळा म्हणत. एकाच उच्चाराखाली तीन वेगळी कुळं शेजारी राहतायत.

मग सूर्यास्ताची व्युत्पत्ती नुसती थाप म्हणून टाकून द्यायची का? माझं मत असं: नाव सूर्यावरून पडलं नाही, पण नावाने सूर्य नंतर मिळवला. मामालचं मावळ झाल्यावर ते ‘मावळणे’शी हुबेहूब जुळलं, आणि प्रदेश पुण्याच्या नेमक्या पश्चिमेला. लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. त्यानंतर आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावं उच्चारताना ऐकणाऱ्याच्या मनात मावळतीचं ऊन आपोआप येत राहिलं. ही चूक असेल, पण काही शतकं वापरात असलेली चूक आहे आणि शब्दाच्या *अर्थात* तिचा वाटा आहे, फक्त शब्दाच्या *उगमात* नाही. पाहुण्यांना मी आता दोन्ही सांगते. त्यांना पहिलीच लक्षात राहते, हे चेहऱ्यावरून कळतं.

आणि एक दुपार कार्ल्याला जाच. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर आत अंधारच जास्त, स्तूप नुसता आकार म्हणून दिसतो. उन्हं कलायला लागली की दर्शनी भिंतीतल्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या मोठ्या खिडकीतून उजेड आत सरकू लागतो. जवळच्या बेडशाच्या लेण्यांचं तोंड पूर्वेकडे, तिथे याच्या उलट, पहाटे जायला हवं. कार्ल्याला उजेड आत यायला सूर्य मावळण्याची वाट बघायची नसते, त्याआधीच पोचायला हवं. ‘वेस्टर’चा अर्थ कुणाला एका वाक्यात समजावता आला नाही, तर मी आता सरळ त्या चैत्यात दुपारी तीनला नेऊन उभं करीन.

राहता राहिला शोधनिबंध. त्यात आता ‘स्थानिक मध्यान्हानंतरचं ऊन’ असं बिनचूक आणि बेचव काहीतरी आहे, सरांनी त्यावर गोल केलेला नाही. नोंदवहीत मात्र तापमानाच्या रकान्यांना मी नवी नावं दिली आहेत: चढ, माथा, कल, बूड. मागच्या आठवड्यात वही सरांनी चाळली. ‘कल’च्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं, सगळ्यात मोठे आकडे तिथेच होते. म्हणाले, ‘‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’’